गावातल्या माणसांत आणि कुत्र्यांत अंकुशकृमी किती? पाहणीच्या पायऱ्या चुकू नयेत म्हणून

प्राणिशास्त्राचे पदव्युत्तर प्रकल्प, पशुवैद्यक महाविद्यालयांची शिबिरं, राष्ट्रीय सेवा योजनेचे उपक्रम अशा निमित्तांनी अंकुशकृमीच्या, म्हणजे आतड्यात राहून रक्त पिणाऱ्या हुकवर्मच्या, पाहण्या सतत होत असतात. बऱ्याच अहवालांत शेवटी एकच ओळ असते: शंभर नमुन्यांत दोन-तीन पॉझिटिव्ह. चौकशी केली की कळतं, शौचाच्या नमुन्याच्या डब्या सकाळी सहाला भरल्या, दुपारपर्यंत जीपमध्ये तापल्या, स्लाइड संध्याकाळी झाल्या आणि दुसऱ्या दिवशी वाचल्या. मग अंडी दिसणार कुठून? गावात कृमी होते, पण ते वाटेत हरवले.

गोलकृमीच्या अंड्याचं कवच जाड असतं, ते असा उशीर सोसतं. अंकुशकृमीच्या अंड्याचं कवच पातळ असतं आणि आतला भ्रूण लगेच वाढू लागतो. उबदार, ओलसर जागी एक-दोन दिवसांत अळी बाहेर पडते. त्यामुळे या पाहणीत जवळपास प्रत्येक ढिलाई आकडा खाली ओढते. खालचा क्रम महाराष्ट्राच्या भातपट्ट्यातलं गाव डोळ्यांसमोर ठेवून दिला आहे: पालघर, रायगड, रत्नागिरी किंवा तिकडे भंडारा-गोंदिया.

## टप्पा १: नेमकं काय मोजायचं ते कागदावर लिहा

'गावात अंकुशकृमी किती' एवढ्यावर निघू नका. दोन वेगळे आकडे हवेत. पहिला, किती टक्के लोकांत लागण आहे. दुसरा, लागण असलेल्यांच्या पोटात ओझं किती, म्हणजे एक ग्रॅम शौचात किती अंडी. माणसातल्या अंकुशकृमींपैकी नेकेटर जातीचा एक कृमी दिवसाला सुमारे ०.०३ मिलिलिटर रक्त घालवतो, तर अँकायलोस्टोमा ड्युओडेनेल या दुसऱ्या जातीचा त्याच्या पाचपट किंवा त्याहून अधिक. चार कृमी असलेला आणि दोनशे असलेला, दोघेही टक्केवारीत 'एक'च मोजले जातात. रक्तक्षय मात्र दुसऱ्याला होतो.

कोणाला मोजायचं? इथली नेहमीची चूक म्हणजे शाळा गाठणं. पोरं एका जागी सापडतात, गुरुजी मदत करतात, काम दोन दिवसांत उरकतं. पण शाळकरी वयात शिखर गाठतात ते गोलकृमी आणि चाबूककृमी. अंकुशकृमीची लागण वयाबरोबर वाढत जाते आणि मोठ्यांमध्ये टिकून राहते. शिवाय शाळेतल्या मुलांना वर्षातून दोनदा जंताची गोळी मिळते, त्यांच्या आजीला मिळत नाही. म्हणून घर हे एकक धरा: घरातली सगळी माणसं आणि घरचा कुत्रा.

कुत्रा का, हेही लिहून ठेवा. माणसाचे मुख्य अंकुशकृमी दोन: नेकेटर अमेरिकेनस आणि अँकायलोस्टोमा ड्युओडेनेल. कुत्र्यात मुख्यतः अँकायलोस्टोमा कॅनायनम सापडतो. तो माणसाच्या आतड्यात सहसा अंडी घालण्यापर्यंत पोचत नाही. अँकायलोस्टोमा ब्राझिलिएन्सची अळी माणसाच्या त्वचेखाली नागमोडी, खाजरी रेघ काढत फिरते. आणि अँकायलोस्टोमा सेलॅनिकम हा कुत्रा, मांजर आणि माणूस तिघांच्याही पोटात नांदतो. दक्षिण आणि आग्नेय आशियात तो आहेच. आसामातल्या चहामळ्यांच्या वस्त्यांवर २००२ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दहापैकी नऊहून अधिक कुत्र्यांत अंकुशकृमी आढळले होते.

सावध: शेळ्या-गुरं याच पाहणीत कोंबू नका. त्यांचा अंकुशकृमी (ब्युनोस्टोमम) वेगळा आहे. लेंड्यांमध्ये त्याची अंडी इतर जठरांत्र कृमींच्या अंड्यांत मिसळून जातात आणि अळ्या वाढवून पाहिल्याशिवाय त्यांचा भरवसा नसतो. तो स्वतंत्र प्रकल्प करा.

## टप्पा २: तारीख ठरवा

परीक्षेच्या वेळापत्रकावरून तारीख ठरवली की पाहणी तिथेच फसते. दोन गोष्टी पाहायच्या.

एक, गोळी कधी वाटली. राष्ट्रीय जंतनाशक दिन १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टला असतो आणि काही दिवसांनी राहिलेल्या मुलांसाठी पुन्हा वाटप होतं. १ ते १९ वयोगटाला अल्बेंडाझोल मिळतं. पूर्व विदर्भातल्या हत्तीरोगाच्या जिल्ह्यांत सामुदायिक औषधोपचार मोहिमेतही अल्बेंडाझोल असतं, आणि तिथे ते मोठ्यांनाही देतात. या वाटपानंतरच्या आठवड्यांत केलेली पाहणी गोळीचा परिणाम मोजते, गावातली मूळ लागण नव्हे.

दोन, पाऊस. अळ्या ओल्या, सावलीतल्या मातीत जगतात. पावसाळ्यात त्वचेतून शिरलेली अळी रक्तातून फुफ्फुसात जाते, तिथून घशात येऊन गिळली जाते आणि आतड्यात मोठी होऊन अंडी घालू लागते. याला साधारण पाच ते नऊ आठवडे लागतात. जुलैत लावणीच्या चिखलात झालेली लागण जुलैत डबीत दिसत नाही.

दोन्हींचा मेळ घातला तर जानेवारीचा उत्तरार्ध सोयीचा पडतो. पावसाळ्यातले कृमी तोवर मोठे झालेले असतात आणि फेब्रुवारीची गोळी अजून यायची असते.

तपासा: आशाताई आणि अंगणवाडी सेविकेच्या नोंदवहीतून शेवटच्या वाटपाची तारीख उतरवून घ्या. 'दिली असेल' हे उत्तर चालणार नाही.

## टप्पा ३: परवानग्या, आणि गावात आधी बोलणं

माणसांच्या नमुन्यांसाठी संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी लागते. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची २०१७ची मार्गदर्शक तत्त्वं त्यासाठी पाहा. लहान मुलांसाठी पालकांची लेखी संमती घ्या. सात वर्षांवरच्या मुलाला त्याच्या भाषेत समजावून त्याचंही 'हो' घ्या. कुत्र्यांसाठी मालकाची संमती घ्या आणि तुमच्या संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीला आधी विचारा. मंजुरी 'नंतर घेऊ' म्हणणाऱ्यांचा डेटा शेवटी कपाटात पडून राहतो.

प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांशी आणि पशुवैद्यकीय दवाखान्याशी एक गोष्ट पक्की करा: पॉझिटिव्ह आलेल्या प्रत्येकाला औषध कोण देणार, कधी देणार. हे ठरलं नसेल तर पाहणी सुरू करू नका.

मग सरपंच, आशाताई आणि महिला बचतगट यांच्याकडे जा. विष्ठा मागायला आलेली माणसं म्हटल्यावर लोक हसतात, लाजतात किंवा संशय घेतात. सभेत भाषण ठोकण्यापेक्षा संध्याकाळी वाडीवर बसून रिकामी डबी हातात देऊन दाखवा. बायकांशी बाईनेच बोलावं.

## टप्पा ४: घरं निवडा, येतील ती घेऊ नका

शिबिर लावून 'ज्यांना तपासायचं त्यांनी या' असं म्हटलं की ज्यांचं पोट दुखतंय ते येतात आणि ज्यांना मजुरी बुडवता येत नाही ते येत नाहीत. आकडा कोणत्या बाजूला झुकेल हेही सांगता येत नाही. ग्रामपंचायतीतून घरांची पूर्ण यादी घ्या, त्यात वाड्या-पाड्यांवरची घरं आहेत का ते आशाताईंकडून ताडून पाहा आणि चिठ्ठ्या टाकून किंवा संगणकाने घरं निवडा.

संख्येचा ढोबळ हिशोब असा. प्रमाण २० टक्क्यांच्या आसपास असेल आणि ५ टक्के मागे-पुढे चालणार असेल तर सुमारे २४६ माणसं लागतात. प्रमाणाचा काहीच अंदाज नसेल तर ५० टक्के धरतात आणि ३८४ लागतात. पण एका घरातली माणसं एकाच परसात वावरतात, एकच संडास वापरतात किंवा कोणीच वापरत नाहीत. त्यांची लागण एकमेकांपासून स्वतंत्र नसते. म्हणून ही संख्या साधारण दुप्पट करावी लागते. तेवढं झेपत नसेल तर कमी घ्या, पण मग निष्कर्षही तेवढाच बारीक आवाजात मांडा.

रिकाम्या आलेल्या डब्याही नोंदवा. साठ जणांनी डबी परत दिलीच नाही हे अहवालात आलंच पाहिजे.

## टप्पा ५: डबी

पाहणी जिंकते किंवा हरते ती इथे.

डबी रुंद तोंडाची, फिरकीच्या झाकणाची, स्वच्छ आणि कोरडी हवी. ३० ते ५० मिलिलिटरची पुरते. क्रमांक डबीच्या अंगावर लिहा, झाकणावर नको. दहा डब्या एकदम उघडल्या की झाकणं अदलाबदल होतात. घराचा क्रमांक आणि व्यक्तीचा क्रमांक असा जोड-क्रमांक द्या, उदाहरणार्थ १७-३. त्याच घरच्या कुत्र्याला १७-कु१.

डबी आदल्या संध्याकाळी द्या आणि सोबत या सूचना तोंडी सांगा:

१. शौच जमिनीवरून उचलायचं नाही. कागद किंवा केळीचं पान पसरून त्यावर करा. मातीत स्वतंत्र जगणाऱ्या सूत्रकृमींच्या अळ्या असतात. त्या डबीत आल्या की स्लाइड वाचणारा गोंधळतो.

२. लघवी आणि पाणी लागू द्यायचं नाही.

३. सुपारीएवढा गोळा पुरे. डबी काठोकाठ भरू नका.

४. डबी भरली ती वेळ सांगायची. घड्याळ नसेल तर 'पहिली एसटी गेल्यावर' असं चालेल, वेळ आपण भरून घेऊ.

५. डबी सावलीत ठेवायची. चुलीजवळ नको, पत्र्यावर नको.

सकाळी सहा ते नऊ या वेळात दर तासाला एक फेरी मारा. सगळ्या डब्या नऊला एकदम उचलायच्या असं केलं तर पहाटे पाचची डबी गावातच चार तासांची शिळी होते. उचललेली डबी थेट बर्फाच्या पाकिटांच्या खोक्यात ठेवा. लसीकरणाचं खोकं मागू नका, स्वतःचं आणा. डबी गोठू देऊ नका, बर्फाच्या पाकिटावर थेट टेकवूही नका, मध्ये जाड कापड घाला.

शौचापासून स्लाइडपर्यंत तीन तासांच्या आत पोचायचं लक्ष्य ठेवा. त्यापलीकडे अंकुशकृमीची अंडी सापडण्याचं प्रमाण लक्षणीय घसरतं. म्हणूनच मायक्रोस्कोप गावात न्या. शाळेची एखादी खोली, एक टेबल आणि वीज असली की काम होतं. आरसा असलेला मायक्रोस्कोप असेल तर विजेचीही अडचण नाही.

स्लाइड झाल्यावर उरलेल्या नमुन्याचे दोन भाग करा. एक १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये, एक इथेनॉलमध्ये (७० टक्के किंवा त्याहून तीव्र). फॉर्मॅलिनमधला नमुना पुढे सांद्रीकरण करून, म्हणजे अंडी एकवटून, पाहता येतो, इथेनॉलमधला पीसीआरसाठी, म्हणजे डीएनएवरून जात ओळखण्यासाठी.

सावध: १० टक्के फॉर्मॅलिन म्हणजे बाजारातल्या फॉर्मॅलिनचा एक भाग आणि पाण्याचे नऊ भाग. बाजारातलं द्रावण मुळातच ३७ ते ४० टक्के फॉर्माल्डिहाइडचं असतं. त्यावरून उलटा हिशोब करून सुमारे अडीचपट तीव्र द्रावण बनवणारे दर बॅचमध्ये एक-दोघं निघतातच. फॉर्मॅलिनमधला नमुना काटो-काट्झ या अंडी मोजायच्या पद्धतीसाठी (टप्पा ८) चालत नाही आणि अळ्या वाढवण्यासाठीही नाही.

## टप्पा ६: प्रश्न असे विचारा की उत्तर खोटं येणार नाही

'चप्पल वापरता का?' या प्रश्नाला सगळे हो म्हणतात. घरातून निघताना चप्पल असतेच. ती बांधावर काढून ठेवली जाते, कारण लावणीच्या चिखलात चप्पल घालून कोणी उतरत नाही. म्हणून विचारा: काल शेतात पायात काय होतं? लावणीला काय होतं? परसाकडे जाताना? बोलताना पायांकडेही बघा.

'संडास आहे का?' हा प्रश्नही तसाच. संडास असतो, पण त्यात सरपण भरलेलं असतं. घरातला कोण-कोण आज सकाळी कुठे गेला, हे विचारलं की चित्र कळतं. हा प्रश्न डबी घेताना सहज विचारता येतो.

याखेरीज वय, काम, गरोदरपण, शेवटची जंताची गोळी आणि शक्य असेल तर हिमोग्लोबिन नोंदवा. एवढं पुरे. चार पानी प्रश्नावली कोणी भरत नाही, विद्यार्थी झाडाखाली बसून मनानेच भरतात.

सावध: बोटांच्या बेचक्यात खाज आणि भेगा दिसल्या की 'अंकुशकृमी शिरल्याची खूण' असं नोंदवू नका. पावसाळ्यात त्या बहुतेक वेळा चिखल्या असतात.

## टप्पा ७: कुत्र्यांचे नमुने

रस्त्यावर पडलेली विष्ठा गोळा करून 'गावातल्या ५० कुत्र्यांत' असं लिहू नका. ती ५० कुत्र्यांची नसते. एकाच कुत्र्याची चार ठिकाणची असू शकते, कधी कधी कुत्र्याचीच नसते. आणि ती किती तासांची आहे हे कोणालाच माहीत नसतं.

पाळीव किंवा घराशी बांधील कुत्रे आधी घ्या. सकाळी सोडल्या-सोडल्या मालकाबरोबर कुत्र्यामागे जा. कुत्रा उठल्याबरोबर उलट्या केलेल्या पिशवीने वरचा, मातीला न टेकलेला भाग उचला. कुत्र्याचं वय, पिल्लू की मोठा, मादी व्यायलेली आहे का आणि मागचं जंतनाशक कधी दिलं, हे लिहा. भटक्या कुत्र्यांसाठीही हीच पद्धत: डोळ्यांसमोर केलेली विष्ठा, रंग-खुणा आणि फोटो. भटक्यांचा हिशोब वेगळ्या तक्त्यात ठेवा.

पिल्लांचा मामला वेगळा आहे. कॅनायनमच्या अळ्या आईच्या दुधातून पिल्लात जातात. पिल्लू दोन-तीन आठवड्यांचं असताना रक्तक्षयाने मरूही शकतं, आणि तेव्हा त्याच्या विष्ठेत अंडी आलेलीच नसतात. एवढ्या लहान पिल्लाचा 'निगेटिव्ह' गणतीत धरू नका.

कुत्र्यांशी काम करणाऱ्यांनी रेबीजची प्रतिबंधक लस आधी घेतलेली बरी. चावलाच तर जखम साबण-पाण्याने १५ मिनिटं धुवा आणि थेट आरोग्य केंद्रात जा. हळद-चुना लावत बसू नका.

## टप्पा ८: माणसांची स्लाइड, काटो-काट्झ पद्धत

तयारी आदल्या दिवशी करा. सेलोफेनच्या पट्ट्या ग्लिसरॉल, पाणी आणि मॅलाकाइट ग्रीनच्या द्रावणात किमान २४ तास भिजल्या पाहिजेत: १०० मिलिलिटर ग्लिसरॉल, १०० मिलिलिटर पाणी, १ मिलिलिटर ३ टक्के मॅलाकाइट ग्रीन.

१. हातमोजे घाला. शिळ्या नमुन्यातली अळी कातडीतून शिरू शकते.

२. नमुना कागदावर घ्या, वर जाळी दाबा आणि जाळीतून वर आलेला भाग खरवडून घ्या.

३. काचपट्टीवर साचा, म्हणजे ठरलेल्या वजनाचा नमुना मावेल अशा भोकाची पट्टी, ठेवा, भोक काठोकाठ भरा, वरून सपाट करा आणि साचा सरळ वर उचला.

४. वर भिजलेली सेलोफेन पट्टी ठेवा, काचपट्टी उलटी करून गुळगुळीत फरशीवर दाबा आणि बाजूला सरकवत उचला. खाली ठेवलेली छापील अक्षरं स्लाइडमधून वाचता आली पाहिजेत. वाचता येत नसतील तर थर जाड झाला आहे.

५. स्लाइडवर क्रमांक आणि *बनवल्याची वेळ* लिहा.

आता घड्याळ. ग्लिसरॉल विष्ठेला पारदर्शक करतं आणि त्याच ओघात अंकुशकृमीचं पातळ अंडंही दिसेनासं करतं. स्लाइड ३० मिनिटांत वाचा, फार तर तासाभरात. उकाड्यात हे आणखी लवकर होतं. गोलकृमी आणि चाबूककृमी दुसऱ्या दिवशीही दिसतात, म्हणून वाचणाऱ्याला वाटतं की स्लाइड चांगली आहे. ती अर्धीच चांगली असते.

यावरून कामाची आखणी ठरते. एक स्लाइड पूर्ण वाचायला पाच ते दहा मिनिटं लागतात. म्हणून एका मायक्रोस्कोपमागे एका वेळी चार स्लाइड बनवा, त्या संपल्या की पुढच्या चार. टेबलावर चाळीस स्लाइडची रांग मांडून फोटो काढणाऱ्या गटाच्या शेवटच्या तीस स्लाइड फुकट गेलेल्या असतात.

प्रत्येक नमुन्याच्या दोन स्लाइड करा. १०×च्या भिंगाखाली एका कोपऱ्यातून सुरू करून नागमोडी वळत सगळी स्लाइड पाहा, शंका आली तर ४०× लावा. अंडी मोजून लिहा. 'अधिक', 'दोन अधिक' अशा खुणा नकोत.

तपासा: १० टक्के स्लाइड दुसऱ्याने पुन्हा वाचायच्या हा नियम सगळे सांगतात, आणि मग त्या संध्याकाळी निवांत वाचतात. अंकुशकृमीसाठी त्याचा उपयोग नाही. दुसरा वाचणारा त्याच टेबलावर हवा आणि त्याने पहिल्याच्या पाठोपाठ वाचायला हवं.

पातळ जुलाबाचा नमुना काटो-काट्झला चालत नाही. तशी नोंद करा आणि तो सांद्रीकरण करून पाहा.

## टप्पा ९: कुत्र्यांची स्लाइड

इथे तरंगवण्याची पद्धत सोपी आणि पुरेशी आहे. गरम पाण्यात तळाशी मीठ उरेपर्यंत मीठ विरघळवा, गार करा, गाळा. हायड्रोमीटरवर घनता १.१८ ते १.२० हवी. दोन-तीन ग्रॅम विष्ठा या द्रावणात कालवून गाळून घ्या, परीक्षानळी काठाच्या किंचित वर फुगेल इतकी भरा आणि वर कव्हरस्लिप टेकवा. १० ते १५ मिनिटांनी ती सरळ उचलून स्लाइडवर ठेवा आणि लगेच पाहा. उशीर झाला की मिठाचे स्फटिक धरतात आणि अंडी चेपतात.

मोजणी हवी असेल तर मॅकमास्टर कक्ष, म्हणजे अंडी मोजायची आखीव काचपट्टी, वापरा: ३ ग्रॅम विष्ठा, ४२ मिलिलिटर द्रावण, दोन्ही कक्षांतल्या अंड्यांची बेरीज गुणिले ५०. ही पद्धत काटो-काट्झपेक्षा वेगळी आहे, तेव्हा माणसाची आणि कुत्र्याची अंडीसंख्या शेजारी लावून 'कुत्र्यात जास्त' असं म्हणू नका.

## टप्पा १०: ओळख, आणि जिथे थांबायचं ती रेषा

अंकुशकृमीचं अंडं लंबगोल, सुमारे ६० ते ७५ मायक्रॉन लांब असतं. कवच पातळ आणि रंगहीन, आत चार ते आठ पेशी, आणि कवच व पेशींमध्ये स्वच्छ मोकळी जागा. आत वळवळणारी अळी दिसली तर नमुना शिळा आहे. मोजपट्टी असलेलं नेत्रभिंग नसेल तर ते मिळवल्याशिवाय सुरुवात करू नका.

चुकीची ओळख दोन ठिकाणी हमखास होते. अंडं ८० मायक्रॉनच्या वर आणि एका टोकाला निमुळतं असेल तर ट्रायकोस्ट्रॉंजिलस या दुसऱ्या कृमीचा विचार करा, विशेषतः शेळ्या पाळणाऱ्या घरात. आणि सुट्या अळ्या दिसल्या तर लगेच अंकुशकृमी म्हणू नका. ताज्या नमुन्यात अळी म्हणजे बहुधा स्ट्रॉंजिलॉइडिस हा वेगळा कृमी. त्याची मुखनळी आखूड असते, अंकुशकृमीच्या अळीची लांब. नमुना शिळा असेल तर दोन्ही शक्यता उरतात, म्हणून डबीवरची वेळ पाहा.

नेकेटर, ड्युओडेनेल आणि सेलॅनिकम यांची अंडी मायक्रोस्कोपखाली वेगळी काढता येत नाहीत. कितीतरी अहवालांत तरी 'अँकायलोस्टोमा ड्युओडेनेल १२ टक्के' असं ठोकून दिलेलं असतं, आणि आधार काय तर पाठ्यपुस्तकातलं चित्र. अंड्यांवरून फक्त 'अंकुशकृमीची अंडी' एवढंच लिहा. जात हवी असेल तर हाराडा-मोरी पद्धतीने (परीक्षानळीत ओल्या गाळणकागदावर) पाच ते दहा दिवस अळ्या वाढवून पाहा, किंवा इथेनॉलमधल्या नमुन्याचा पीसीआर करून घ्या.

कुत्र्याच्या स्लाइडमध्ये आणखी एक सापळा आहे. गावात उघड्यावर शौच होत असेल तर कुत्री ते खातात, आणि माणसाच्या कृमींची अंडी त्यांच्या पोटातून तशीच बाहेर पडतात. आसामच्या त्याच पाहणीत कुत्र्यांच्या विष्ठेत माणसाच्या गोलकृमीची आणि चाबूककृमीची अंडीही सापडली होती. कुत्र्यात ती दिसली म्हणजे कुत्र्याला लागण झाली असं नव्हे. मात्र तो ती अंडी गावभर वाहतो, एवढं नक्की.

## टप्पा ११: आकडेमोड

नेहमीच्या ४१.७ मिलिग्रॅमच्या साच्याला २४ने गुणतात. समजा १७-३च्या दोन स्लाइडमध्ये १३ आणि ९ अंडी निघाली. सरासरी ११, गुणिले २४, म्हणजे ग्रॅमला २६४. साचा ५० मिलिग्रॅमचा असेल तर २०ने गुणा. साच्यावर काय लिहिलंय ते पाहूनच गुणा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीत अंकुशकृमीची १,९९९ पर्यंत हलकी, २,००० ते ३,९९९ मध्यम आणि ४,००० पासून पुढे तीव्र लागण धरतात. गोलकृमीचे टप्पे फार मोठे असतात, ते इथे लावू नका.

टक्केवारी एकटी लिहू नका. समजा २४० पैकी ३१ पॉझिटिव्ह असतील तर १२.९ टक्के, आणि ९५ टक्के विश्वासार्हतेची मर्यादा साधारण ८.७ ते १७.२. घरांच्या गटामुळे ती खरं तर याहून रुंद असेल. मग वयोगट, काम आणि पायातलं यानुसार फोडून दाखवा.

आणि सगळ्यात मोहाचं वाक्य टाळा: 'गावातल्या ६० टक्के कुत्र्यांत अंकुशकृमी, त्यामुळे माणसांना धोका.' दोन टक्केवाऱ्या शेजारी आल्या म्हणून एकाकडून दुसऱ्याला लागण झाली असं ठरत नाही. कुत्र्यांत सगळे कॅनायनम आणि माणसांत सगळे नेकेटर असतील, तर दोन्ही साखळ्या एकाच अंगणात समांतर चालू असतात. एकाच घरातल्या माणसात आणि कुत्र्यात पीसीआरने सेलॅनिकम निघाला, तरच जोड लावायला आधार मिळतो. त्यासाठीच तो १७-३ आणि १७-कु१ असा क्रमांक.

## टप्पा १२: औषध, कचरा, फेरतपासणी

पॉझिटिव्ह व्यक्तींची यादी त्याच आठवड्यात वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे द्या. यादी आणि नावं तुमच्या अहवालात किंवा व्हॉट्सॲप गटात जाता कामा नयेत. औषध तेच ठरवतील. अंकुशकृमीसाठी अल्बेंडाझोल ४०० मिलिग्रॅमची एक मात्रा हा नेहमीचा उपचार आहे. मेबेंडाझोलची एकच मात्रा या कृमीवर बरीच कमी पडते, त्यामुळे 'कुठलीही जंताची गोळी' चालत नाही. गरोदर बाईला पहिल्या तीन महिन्यांत गोळी देत नाहीत, म्हणून प्रश्नावलीतला गरोदरपणाचा रकाना रिकामा सोडू नका. हिमोग्लोबिन कमी असेल तर लोहाच्या गोळ्याही लागतील. कृमी मेले म्हणून गेलेलं रक्त परत येत नाही.

कुत्र्यांसाठी पशुवैद्यकाकडेच जा. मालक हमखास तीन चुका करतात. घरातलीच अल्बेंडाझोलची गोळी कुत्र्याला देतात. तिने कुत्र्याच्या अस्थिमज्जेला इजा होऊ शकते. दुसरी, पाइपराझिनचं स्वस्त सिरप देतात. ते गोलकृमीचं औषध आहे, अंकुशकृमीला लागू पडत नाही. तिसरी, नुसतं प्राझिक्वांटेल देतात. ते पट्टकृमीसाठी असतं. पायरँटेल, फेनबेंडाझोल किंवा फेबँटेल असलेलं औषध, वजन करून, पशुवैद्यक सांगेल त्या मात्रेत द्यायचं. व्यायलेल्या मादीचं आणि पिल्लांचं औषध एकत्र सुरू होतं: पिल्लू दोन आठवड्यांचं झाल्यावर पहिली मात्रा, मग दर दोन आठवड्यांनी आठव्या आठवड्यापर्यंत.

नमुने, काचपट्ट्या आणि डब्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या व्यवस्थेतूनच जाव्यात. आरोग्य केंद्राशी हे आधी बोला. ब्लीचिंग पावडर टाकून ओढ्याकाठी ओतून देणं म्हणजे पुढच्या पावसासाठी पेरणी.

फेरतपासणी माणसांची १४ ते २१ दिवसांनी, कुत्र्यांची साधारण दोन आठवड्यांनी, तीच पद्धत आणि तोच साचा वापरून. याआधी तपासलं तर मरू घातलेल्या कृमींची अंडी फसवतात, फार उशिरा तपासलं तर नव्या लागणीची. कुत्र्यात औषधानंतरही अंडी दिसली तर लगेच 'औषधाला दाद देत नाही' असं लिहू नका. स्नायूंत दबून राहिलेल्या अळ्या आतड्यात परत येऊन मोठ्या होतात, हा कॅनायनमचा स्वभावच आहे. अशा कुत्र्याला दुसरी मात्रा देऊन पुन्हा दोन आठवड्यांनी अंडी मोजा. औषधाबद्दलची शंका तेव्हाही उरली, तर मोजणीचे तिन्ही आकडे तारखांसह पशुवैद्यकाच्या हाती द्या.